सुवर्णरेखेच्या सोन्यात गूढ काहीही नाही

"या नदीत सोनं वाहतं, पण ते येतं कुठून हे शास्त्रज्ञांनाही आजवर कळलेलं नाही!" झारखंडच्या सुवर्णरेखा नदीबद्दलचा हा मजकूर बातम्यांच्या साइट्सवर आणि व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतोय. मी सोडून देत होते. पण परवा तो मामांकडून आला, खाली प्रश्नासकट: "तिथल्या सोन्यात पैसे गुंतवा म्हणून एक जण मागे लागलाय, टाकू का?" आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते 'शास्त्रज्ञांना कळलेलं नाही' बघू, कारण सगळी बनवाबनवी त्यावरच उभी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या व्हॅलेंटाइन बॉल यांचा सिंहभूमच्या (सुवर्णरेखा जिथून वाहते त्या भागाच्या) सोन्यावरचा लेख त्या संस्थेच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये 1869 साली छापून आलाय. 1904 मध्ये तिथेच मॅक्लारेन यांनी छोटानागपूरच्या, म्हणजे आसपासच्या अख्ख्या पठाराच्या, सोन्याचा सविस्तर आढावा घेतला. दीडशे वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट 'आजवर' कळलेली नाही म्हणे!

आणि प्रकार साधा आहे. तमाड-सिंहभूम पट्ट्यातल्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांत गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्यांतल्या काहींत थोडं थोडं सोनं आहे. ऊनपावसात खडक झिजतो, ओढे तो भुगा नदीत आणून टाकतात. सोनं गंजत नाही, नदीच्या पाण्यात विरघळत नाही, आणि ते पाण्याच्या 19 पट जड. गारगोटी अडीच पटींहून जरा जास्त. त्यामुळे हलकी वाळू पुढे जाते आणि सोनं मागे राहतं: वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्यांच्या आड, तळच्या खडकाच्या खाचांत. मूळ खडकातलं सोनंही सापडलेलं आहे. लावा आणि कुंदरकोचा या गावांजवळ ते खणून काढलं गेलं, तमाडजवळच्या परासी खाणपट्ट्याचा 2017 मध्ये लिलाव झाला. गूढ असतं तर लिलाव कशाचा केला?

हां, एक मान्य करावं लागेल. वाळूतला अमुक कण अमुक शिरेतून आला असं बोट ठेवून सांगता येत नाही. उगम एक नाही, अनेक आहेत आणि बहुतेक किरकोळ आहेत. करकरी या उपनदीतून सोनं येत असावं, असं तोच मेसेज खाली लिहितो. म्हणजे वर 'कुणालाच माहीत नाही' आणि चार ओळींनंतर उत्तर!

'कोणीही जावं, वाळू चाळावी आणि सोनं घेऊन यावं' हा दुसरा मुद्दा. माणशी महिन्याला साठ-ऐंशी कण मिळतात आणि कण तांदळाएवढा किंवा त्याहून लहान असतो, हेही मेसेजच सांगतो. सराफ कट्ट्यासमोरची गटारातली माती धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना ही मेहनत कळेल. लाकडी पाटीत वाळू घ्यायची, वाहत्या पाण्यात गोल फिरवत वरची पांढरी वाळू सोडत राहायची. शेवटी तळाला लोहखनिजाची काळी रेघ उरते आणि नशीब असेल तर तिच्या कडेला एखादा पिवळा ठिपका. पुष्कळ पाट्यांत तोही नसतो. हे काम करणाऱ्या आदिवासी कुटुंबांची गरिबी पिढ्यान्‌पिढ्या तशीच आहे, आणि आपण त्यांच्या नदीला 'सोन्याची खाण' म्हणून लाइक्स मिळवतोय. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मामांसाठी खास हे: 1890 च्या सुमारास याच छोटानागपूरच्या सोन्याच्या नावावर कलकत्त्यात कंपन्यांचं पेव फुटलं होतं. शेअर चढले, लोकांनी पैसे ओतले आणि कंपन्या बुडाल्या. खडकात सोनं होतंच, खर्च भागेल इतकं नव्हतं.

मेसेजमधली पांडव, द्रौपदीची तहान आणि राणीचुआं (नदीचं उगमस्थान) ही लोककथा आहे, तिच्याशी माझं काही भांडण नाही. 'सरकार लपवतंय' हा त्यातला आरोप मात्र खोटा. लिलावाच्या जाहिराती लपून निघत नाहीत.

खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर खासगी माणसाला किंवा कंपनीला सोन्याचा नवा खाणपट्टा सरकारी लिलावातूनच मिळतो. नदीतल्या सोन्याचा 'हिस्सा' फोनवर विकता येत नाही. त्या माणसाकडे पट्ट्याचा कागद मागा, मामा, आणि तो हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.