काय, आज भलत्याच खुशीत?

हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. काल जिना चढताना गुणगुणत होते. शब्दही धड आठवत नव्हते, नुसती चाल. पहिल्या मजल्याच्या वळणावर आवाज छान घुमतो, म्हणून तिथे जरा मोकळा गळा लावला. वरून उतरणारे गृहस्थ थांबले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय, आज भलत्याच खुशीत?" झालं! चाल घशातच विरली. "छे, काही नाही," म्हणत मी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. का घातली? त्यांच्यापेक्षा जास्त राग मला याचाच येतोय.

चारचौघांत फोनवर खेकसणाऱ्याला कोणी विचारतं का, "काय, आज भलतेच चिडलात?" तोंड पाडून बसलं तरी चालतं. पण पाऊस आला म्हणून दोन मिनिटं हात पुढे करून उभं राहा, लगेच "वयाला शोभतं का?" कोणी जरा पाय थिरकवले की दहा मोबाईल बाहेर! त्या माणसाला विचारायचीही गरज वाटत नाही. आनंदाचा खुलासा कशाला मागता रे?

आणि बघणारे असतात तरी किती? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं, २००० साली त्यांचा शोधनिबंध आला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौघांतल्या एकाच्या लक्षात आलं. म्हणजे जे बघतच नव्हते त्यांच्यासाठी मी इतकी वर्षं गाणी गिळली! हसू दाबलं, झोपाळा रिकामा दिसला तरी पुढे गेले.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो लहान मुलांसाठी. परवा एक चिमुरडी फरशीच्या रेघा चुकवत एका पायावर उड्या मारत चालली होती. आईनं दंड धरून खेचलं, "नीट चाल, लोक बघतायत!" अहो, मी एकटी बघत होते. तिनं शेवटच्या फरशीपर्यंत जावं असं मला मनापासून वाटत होतं. तिनं मात्र पाय खाली टेकवला.

आज जिन्यात तीच चाल पुन्हा म्हटली. वर कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला. थांबले नाही.