मधाच्या सहा बरण्या आणि एक फॉरवर्ड

परवा भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. एम.ए.ला इंग्रजी घेतलंय तिने. खाली प्रश्न: "मावशी, खरंय का गं हे?" मजकूर असा: सिल्व्हिया प्लाथ, ॲन सेक्स्टन वगैरे अमेरिकन कवयित्रींनी मनातली मळमळ जशीच्या तशी कागदावर ओतली, त्यातून त्या बदलल्या नाहीत, बुडाल्या, प्लाथचा 'एरियल' हा कवितासंग्रह म्हणजे मरणाआधीची चिठ्ठी, आणि एवढी किंमत मोजल्याशिवाय खरी कविता होत नाही.

शेवटच्या वाक्याला माझं डोकं फिरलं. विशीतल्या मुलींच्या ग्रुपवर फिरतंय हे!

आधी ती 'चिठ्ठी'. १९६५ साली छापलेला 'एरियल' प्लाथने लावलेल्या क्रमाचा नव्हताच. ती गेल्यावर नवऱ्याने, टेड ह्यूजने, काही कविता काढल्या, काही घातल्या, आणि शेवट काळोखा झाला. तिची मूळ मांडणी २००४ मध्ये लेक फ्रीडाच्या प्रस्तावनेसह छापून आली. त्या मांडणीचा पहिला शब्द 'प्रेम', शेवटचा 'वसंत'. शेवटची कविता 'विंटरिंग': अंधारी कोठी, मधाच्या सहा बरण्या, फुलं नाहीत म्हणून साखरेच्या पाकावर तगलेल्या मधमाश्या. सगळ्या बायकाच, नरांना हाकलून मोकळ्या झालेल्या. अख्खा हिवाळा काढून त्या शेवटी उडतात. चिठ्ठी अशी असते होय? तिच्या 'लेडी लॅझरस' या कवितेतल्याही मरणाच्या ओळी तेवढ्या फॉरवर्डमध्ये उचलल्यात. राखेतून लाल केसांची बाई उठते, तो शेवट गाळलाय.

'जशीच्या तशी ओतली' म्हणे. पोरं उठायच्या आत, पहाटे चारला बसून लिहायची प्लाथ. तिचे खर्डे अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात आहेत, त्यांवरची खाडाखोड बघा. सेक्स्टनने तर १९७१ च्या 'ट्रान्सफॉर्मेशन्स' या संग्रहामध्ये ग्रिम बंधूंच्या परीकथा उलट्यापालट्या केल्या. ती काय डायरी होती?

दोघींनी आत्महत्या केली हे खरं. प्लाथच्या फेब्रुवारी १९६३ च्या 'एज' या कवितेमध्ये उजेड शोधूनही सापडत नाही, हेही मान्य. पण आजाराने नेलेला जीव कवितेच्या खात्यावर कशाला मांडता?

आणि त्यांच्याच काळातली अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच कुठे गेली? १९५१ मधला तिचा पहिला संग्रह कसा नीटनेटका, शहाण्या मुलीसारखा. पुढे ती बदलत गेली, प्रत्येक कवितेखाली साल टाकू लागली. १९७३ च्या 'डायव्हिंग इन्टू द रेक'मध्ये बुडालेलं जहाज बघायला कॅमेरा आणि सुरी घेऊन एकटीच समुद्रात उतरते, आणि तळाशी 'ती'ही होते, 'तो'ही. बाई ८२ व्या वर्षापर्यंत जगली आणि लिहीत राहिली.

फॉरवर्डमध्ये तिचं नाव नाही. कसं असेल? जगली ना ती.