नव्या सायकलीच्या गिअरबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, सायकल परत करायची का गं? बाबा म्हणतायत तसा मेसेज आलाय." तिची सायकल २१ गिअरची, पुढे तीन दातेरी चकत्या आणि मागे सात. घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. तो मेसेज तोवर माझ्याही तीन ग्रुपांवर येऊन गेला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नवी सायकल पंधरा-वीस दिवसांत खडखडायला लागली, गिअर पडेनासे झाले, तर माल सदोष आहे, लगेच परत करा. परत घेत नसतील तर मागच्या डिरेलरवरचे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावरचे, दोन बारीक स्क्रू आवाज थांबेपर्यंत फिरवा. गिअर अडला तर जोरात पॅडल मारा, आपोआप बसतो. चेनवर रोज तेल सोडा. नव्या सायकलीत काही वाकलेलं नसतं, दुकानदार तसं म्हणाला तर तो फसवतोय. आणि शेवटी, आपल्या रस्त्यांवर गिअर टिकतच नाहीत, बिनगिअरचीच घ्या.

मी दुकान चालवत नाही. पण गेली बारा वर्षं रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये आजूबाजूच्या मुलांच्या सायकली दुरुस्त करते. या मेसेजमुळे चांगल्या सायकली गच्चीवर जाऊन पडतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा, सदोष मालाचा. तीन आठवड्यांत गिअर बिघडणं हे नव्या सायकलीचं अगदी ठरलेलं वागणं आहे, कारण गिअरची केबल, म्हणजे हँडलपासून डिरेलरपर्यंत जाणारी तार, तोवर आपली जागा घेत असते. लोक म्हणतात केबल ताणली. खरं तर तेवढ्या ओढीने पोलादी तार फारशी लांबत नाही. केबलवरच्या आवरणाची टोकं, त्या टोकांवरच्या टोप्या आणि त्या जिथे बसतात ते खाचे, हे सगळं पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये दाबून घट्ट बसतं. तेवढी केबल सैल पडते.

हा सैलपणा केवढा? अशा सात चकत्यांच्या सायकलीत हँडलवरच्या गिअरच्या एका टिचकीला केबल साधारण ३ मिमी ओढली जाते आणि मागचा डिरेलर ५ मिमी सरकतो, म्हणजे बरोबर एक चकती. केबल एकच मिलिमीटर सैल पडली, तर डिरेलर पावणेदोन मिमी मागे राहतो. चकत्यांमधल्या अंतराचा हा तिसरा हिस्सा झाला. चेन धड या चकतीवर नाही, धड त्या चकतीवर नाही, दोन्हींना घासत राहते. सायकल सदोष आहे म्हणून नव्हे, हिशेबच इतका बारीक आहे म्हणून.

उपाय हाताने होतो, पानासुद्धा लागत नाही. केबल मागच्या डिरेलरमध्ये शिरते तिथे खाचांची एक गोल फिरकी असते, तिला बॅरल ॲडजस्टर म्हणतात. काही सायकलींना ती हँडलजवळ असते. फिरकीला हात लावण्याआधी एकच गोष्ट बघायची, चेन कुठल्या बाजूला जायला कुरकुर करते. छोट्या चकतीवरून मोठीकडे चढायला वेळ लावत असेल, तर केबल सैल आहे. मग फिरकी बाहेर निघेल अशी, बोल्ट सैल करतो त्या दिशेने, पाव फेरा फिरवायची. मोठीवरून छोटीकडे उतरायला अडत असेल, तर पाव फेरा उलट. पॅडल फिरवून बघायचं, लागला तर अजून पाव. भाचीला मी हे फोनवरच सांगितलं. तिने सायकल बाबांना मागून उचलून धरायला लावली आणि स्वतः दोनदा पाव-पाव फेरा दिला. फोनवर मला चेनची कटकट ऐकू येत होती. दुसऱ्या पाव फेऱ्यानंतर ती थांबली, नुसती चाक फिरल्याची सळसळ उरली.

एक गोष्ट मेसेजमध्ये अर्धी खरी आहे, दुकानात जायला हवं. पण परत करायला नाही, पहिल्या सर्व्हिसिंगला. बहुतेक दुकानं ती फुकट करून देतात, आणि ती महिन्याभराने ठेवलेली असते ती याच कारणासाठी.

आता ते दोन स्क्रू. सगळ्या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हे आहे. त्या स्क्रूंजवळ एच आणि एल ही अक्षरं कोरलेली असतात. त्यांचं काम गिअर जुळवण्याचं नाहीच, ते कुंपण आहेत. एच डिरेलरला सर्वांत छोट्या चकतीच्या बाहेर जाऊ देत नाही, एल सर्वांत मोठीच्या आत, चाकाकडे जाऊ देत नाही. चेन मधल्या चकत्यांवर असते तेव्हा हे स्क्रू कशालाही टेकलेले नसतात. त्यामुळे चौथ्या गिअरचा आवाज त्यांनी जाणं शक्यच नाही. आवाज जात नाही म्हणून माणूस आणखी फिरवतो, तरी जात नाही, म्हणून आणखी. एलचं कुंपण उघडतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो चढावर. आमच्या सोसायटीतल्या एका नववीतल्या मुलाने गेल्या पावसाळ्याआधी असेच स्क्रू फिरवले होते. चढ लागला म्हणून त्याने सर्वांत सोपा गिअर, म्हणजे मागची सर्वांत मोठी चकती, टाकला, डिरेलर चकती ओलांडून थेट स्पोकमध्ये शिरला आणि चाक जागच्या जागी आवळलं. सायकल माझ्याकडे आली तेव्हा डिरेलर पिळून चाकाच्या आत अडकला होता, चार स्पोक तुटले होते. मुलगा चढावर हळू चालला होता म्हणून गुडघ्यावर निभावलं. ज्या स्क्रूला हात लावायची मुळात गरज नव्हती, त्यापायी एवढं झालं.

नव्या सायकलीत काही वाकलेलं नसतं, हेही खोटं. सायकल कारखान्यातून बरीचशी जोडलेली, खोक्यात बंद होऊन ट्रकने येते. डिरेलर असतो उजव्या बाजूला, बाहेर आलेला, आणि तो ज्या पट्टीवर लटकतो तिला हँगर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ही पट्टी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे मार बसला तर ती वाकावी, फ्रेम वाचावी. खोक्यावर दुसरं खोकं पडलं किंवा घरी आल्यावर सायकल उजव्या अंगावर पडली, की पट्टी वाकते. बाहेरून कित्येकदा एक ओरखडाही दिसत नाही.

ओळखायचं असं. सायकलीच्या मागे उकिडवं बसा आणि डिरेलरमधली दोन छोटी दातेरी चाकं बघा. वरचं, खालचं आणि चकती एका सरळ उभ्या रेषेत दिसायला हवीत. खालचं चाक आत, स्पोककडे कललेलं दिसलं तर हँगर वाकलाय. दुसरी खूण म्हणजे फिरकीने छोट्या चकत्या जुळवल्या की मोठ्या बिघडतात, मोठ्या जुळवल्या की छोट्या. असं झालं की फिरकी सोडून द्यायची. हाताने किंवा पक्कडने वाकवायलाही जाऊ नका. मेकॅनिककडे मोजमापाचं एक लांब दांड्याचं अवजार असतं, ते हँगरमध्ये बसवून चाकाच्या कडेशी चारही बाजूंनी अंतर जुळवत पट्टी सरळ करतात. पट्टी तुटली तर बदलता येते, पण प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, म्हणून सायकलीचं नाव-मॉडेल लिहून न्या. दुकानदार हँगर वाकलाय म्हणाला तर तो फसवतोय असं धरून चालू नका. मागे बसून दाखव म्हणा, दोन मिनिटांत तुम्हालाही दिसेल.

जोरात पॅडल मारण्याबद्दल थोडक्यात. चेन चकती बदलते ती पॅडल फिरत असताना, पण त्यावर भार नसताना. चढावर उभं राहून दाब देत गिअर टाकला तर चेन दात्यांवर ओढली जाते, सटकते, कधी तुटते. चढ दिसला की आधीच गिअर बदला, आणि बदलताना अर्धा फेरा पाय हलका ठेवा. सायकल उभी असताना टिचक्या मारायच्या नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगा. आणि पुढची सर्वांत मोठी व मागचीही सर्वांत मोठी अशी जोडी लावली तर चेन तिरकी होऊन आवाज करणारच. तो बिघाड नाही, ती जोडी टाळायची.

तेल रोज नको. जास्तीच्या तेलावर धूळ बसते, त्याची काळी चिखलपेस्ट होते आणि तीच चेन खाते. कोरड्या दिवसांत चेन फडक्याने पुसायची, कडीकडीवर एकेक थेंब आणि वरचं पुन्हा पुसून टाकायचं. पावसात भिजली की त्याच दिवशी.

राहता राहिलं बिनगिअरचं. सपाट गावात, रोजच्या दोन-तीन किलोमीटरला ती सायकल उत्तमच, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. कात्रजच्या चढावर ते अडीच फेरे गुडघ्यातून काढावे लागतात. भाचीच्या सायकलीला सर्वांत सोप्या गिअरमध्ये पुढे २८ आणि मागे २८ दाते आहेत, एका फेऱ्याला एकच फेरा. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीतही डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ साली. तोवर गिअर म्हणजे दुबळ्यांचं काम असंच म्हटलं जायचं, आणि ते लोक आल्प्समधले घाट चढत होते.

तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर निदान स्क्रूंबद्दलचं वाक्य चूक आहे एवढं त्याच्याखाली लिहा. आणि स्क्रू आधीच फिरवून झाले असतील, तर दुकानात दाखवेपर्यंत सर्वांत सोपा गिअर टाकू नका.