सावकाराची स्वारी

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे म्हणतात. असेल. पण अख्खं गाव एकाच वेळी तेवढं उंच असल्यामुळे त्याचा पत्ता कुणाला लागत नाही. चढ म्हणून आम्हाला ठाऊक तो रेल्वेच्या पुलाचा, आणि कडा म्हणून ठाऊक ती कडक भाकरीची. अशा गावात माझ्या लेकीने जेवता जेवता जाहीर केलं, ‘‘पप्पा, उद्या आपण सावकाराला घेऊन कड्यावर हायकिंगला जायचं.’’

सावकार हा आमचा लॅब्रॅडॉर. हे नाव शेजारच्या अण्णांनी ठेवलं. पिल्लू असल्यापासून तो न बोलावता त्यांच्या दारात जाऊन बसायचा आणि काहीतरी वसूल केल्याशिवाय उठायचा नाही. आता वजन चौतीस किलो, आणि वसुली चालूच आहे.

लेकीच्या फोनवर कुठल्याशा परदेशातला व्हिडिओ होता. खाली निळा समुद्र, वर हिरवा कडा, कड्यावर पिवळी फुलं आणि त्यातून कान उडवत धावणारा, सावकारासारखाच दिसणारा एक कुत्रा. वर लिहिलं होतं, वसंतातली भटकंती. आता तिकडचा वसंत म्हणजे बर्फ वितळतं, गवत उगवतं, माणसं कोट काढून ठेवतात. आमच्याकडे तो फक्त पंचांगात येतो. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला तोंडात टाकला की वसंत सुरू, आणि कडू तोंड धुऊन येईपर्यंत उन्हाळा. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. शिवाय लॅब्रॅडॉर हा मूळचा कॅनडाकडचा, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा कुत्रा. गारठलेल्या समुद्रात उडी मारून जाळी ओढायची, हे त्याचं वाडवडिलांपासूनचं काम. म्हणून अंगावर केसांचा दुहेरी थर. म्हणजे देवाने त्याला जन्मतःच स्वेटर घालून पाठवलाय आणि आम्ही त्याला सोलापुरात आणलाय. हे सगळं मी सांगून पाहिलं. ‘‘तुम्हाला नेहमी नाहीच म्हणायचं असतं,’’ बायको म्हणाली. ठराव मंजूर झाला.

जायचं कुठे यावर मात्र रात्री अकरापर्यंत खल चालला. नान्नजचा माळ जवळ, पण ते 1979 पासून माळढोकाचं अभयारण्य. तिथे काळविटं, लांडगे. सावकाराला लांडगा दाखवणं म्हणजे लांडग्याला जेवण दाखवणं. हिप्परग्याच्या तलावाला पाणी आहे, कडा नाही. शेवटी नळदुर्ग ठरला. हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर, बोरी नदीने कोरलेले खरेखुरे काळे कडे, आणि कड्याच्या धारेवरूनच उठलेली तटबंदी. कुत्रं किल्ल्यात नेऊ देतील का, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणातच नव्हती. तेव्हा बाहेरूनच, नदीच्या काठाकाठाने माळावरून चालायचं ठरलं.

पहाटे पाचला निघायचं होतं. साडेआठला निघालो. आमच्यात पहाट जरा ऐसपैस असते. त्यातून सामान. सावकाराचं पाणी, सावकाराची वाटी, सावकाराचा दहीभात, सावकाराची चेंडूची पिशवी. माणसांसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि खाली अंथरायला मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर. ‘‘चादर कशाला? ओझं नुसतं,’’ मी म्हणालो. ‘‘असू द्या, लागते,’’ बायको म्हणाली. एखादी वस्तू कशाला लागणार हे न सांगताच ती लागते म्हणायचं, हे खातं आमच्याकडे तिच्याकडे आहे.

इटकळ ओलांडेपर्यंत सावकार खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा पीत होता. व्हिडिओत होतं तसंच. त्या दिवसातला हायकिंगचा तेवढाच भाग त्याला पटला.

कडे मात्र सुरेख आहेत, हे कबूल करायला हवं. लाव्ह्याचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे, खाली बोरीचं पात्र आणि पलीकडे बुरुजांची रांग. त्यात उपळी बुरूज असा काही मान वर करून उभा आहे की सबंध सपाट मुलखाची भरपाई त्याने एकट्याने करायची ठरवलेली दिसते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, या नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात डोक्यावरून धबधबा कोसळतो आणि आत बसलेला माणूस कोरडा. मला तर वाटतं, विजापूरकरांना आमच्याकडच्या वसंताची पूर्ण कल्पना होती. माळावर हिंडण्यापेक्षा ते पाण्याखाली जाऊन बसले. आता मार्चमध्ये नर-मादी धबधब्यांच्या जागी नुसते ओघळ होते. लेक म्हणाली, ‘‘पाणी कुठंय?’’ मी म्हणालो, ‘‘जुलैत.’’

चालायला लागलो. माळ पिवळा पडलेला, गवतात कुसळं आणि जमिनीलगत सराटे. एकच पळस तेवढा फुललेला, त्याच्याकडे बोट दाखवून लेक ‘स्प्रिंग’ म्हणाली. पहिल्या पाच मिनिटांत सावकाराच्या पोटाखाली कुसळांची झालर लागली. मग तो एका पायावर लंगडायला लागला. मी मांडी घालून बसलो, त्याचा पंजा हातात घेतला. काळ्या गाद्या गरम झालेल्या, आणि दोन बोटांच्या मधल्या केसांत एक सराटा रुतलेला, काटा आत आणि बाकीचे काटे मला धरायला बाहेर. चिमटीत धरून ओढला तर तो निघाला आणि माझ्या अंगठ्यात गेला. सावकाराने सहानुभूतीने माझं तोंड चाटलं, तोंडाला त्याच्या शेजारच्याच शेणाचा वास होता.

तेवढ्यात कड्याच्या कपारीतून पारव्यांचा थवा फडफडत वर आला. सराट्याचं दुःख विसरून सावकार सरळ कड्याकडे झेपावला. पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलेलं होतं, त्यामुळे मीही झेपावलो. धारेपासून चार हात अलीकडे एक बोरीचं झुडूप होतं, त्यात मी अडकलो आणि माझ्यामुळे तो थांबला. मागून बायको ओरडली, ‘‘त्याला धरा हो! तुमचा विमा तरी आहे!’’

मग फोटो झाले. लेकीने झुडपातून मला सोडवायच्या आधी कड्यावर उभ्या सावकाराचा फोटो काढून घेतला, कारण उजेड चांगला होता. तो फोटो आजही सगळ्यांना फार आवडतो. पाठीमागे बुरूज, समोर क्षितिजाकडे पाहणारं ते रुबाबदार जनावर. खालच्या कोपऱ्यात एक चप्पल दिसते, ती माझी.

फोटो झाल्याबरोबर सावकार एका बाभळीखाली गेला आणि आडवा झाला. ‘‘चल रे राजा,’’ झालं. चेंडू झाला. दहीभात झाला, म्हणजे त्याने तो संपवला आणि पुन्हा आडवा झाला. जीभ हातभर बाहेर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो. बाटलीतलं पाणी त्याच्या पोटावर, पंज्यांवर ओतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा.’’ मी ओठ वर केला. हिरड्या छान गुलाबी. सावकाराने त्याच संधीचा फायदा घेऊन माझ्या दुसऱ्या हातातली भाकरी कडाकड फोडून खाल्ली. ‘‘आवाज कसला येतोय?’’ डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. ‘‘मग त्याला काही झालेलं नाही. ऊन उतरेपर्यंत चालवू मात्र नका,’’ म्हणाले आणि फोन ठेवला. चटणीत लसूण असते आणि ती कुत्र्याला बाधते, म्हणून लेकीने चटणीचा डबा ताब्यात घेतला. त्यामुळे मीही कोरडीच भाकरी खाल्ली.

त्याच सावलीच्या दुसऱ्या टोकाला एक मेंढपाळ मामा बसले होते. त्यांचं कुत्रं बारीक, कान फाटलेलं, आडवं पडूनही एक डोळा मेंढरांवर. त्याने सावकाराकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

‘‘कुठनं आलाव?’’ मामांनी विचारलं.

‘‘सोलापूरहून.’’

‘‘काय काम काढलं?’’

‘‘कुत्र्याला फिरवायला.’’

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘सोलापुरात रस्तं न्हाईत व्हय?’’ या प्रश्नाचं उत्तर सोलापूरकर म्हणून मला पुष्कळ सविस्तर देता आलं असतं, पण मी टाळलं.

गाडी लांब उभी होती, ऊन उतरायला चार तास होते, पाणी संपलेलं, आणि सावकार उठणार नव्हता. तेव्हा बायकोने शांतपणे चादर उलगडली. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. चौतीस किलोंचा ऐवज तिच्यात घातला तरी एक धागा कुरकुरला नाही. मेंढरं आपल्या कुत्र्यावर सोपवून मामा एका टोकाला आले. दुसरं मी, तिसरं लेकीने, चौथं बायकोने धरलं. सावकार मधोमध डोळे मिटून, चारही पाय सैल सोडून निजला, आणि आम्ही त्या मोरांसकट त्याला माळावरून नेऊ लागलो. अंगावर ऊन नको म्हणून बायकोने त्याच्यावर आपली ओढणी घातली होती.

गाडीरस्त्याला लागलो तर निंबाखाली एक म्हातारबाबा बसलेले. आम्हाला पाहून उठून उभे राहिले. मोटारसायकलवरून चाललेल्या दोन पोरांनी गाडी बंद केली.

‘‘कोण म्हणायचं?’’ आबांनी हळू आवाजात मामांना विचारलं.

‘‘सावकार,’’ मामा धापा टाकत म्हणाले. लेक मघापासून त्याच नावाने हाका मारत होती, त्यांनी तेवढंच ऐकलं होतं.

‘‘आरारा! कवा?’’

‘‘आत्ताच की. कड्याव.’’

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. पोरांनी हात जोडले. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण चादरीचं टोक सांभाळता सांभाळता दम इतका लागला होता की तोंडातून नुसता हुंदक्यासारखा आवाज आला. त्यावर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आणि सावकार उठून बसला. ओढणीसकट. मोठी जांभई दिली आणि आबांच्या टोपीचा वास घेतला.

आबा दोन पावलं मागे सरले. टोपी झटकली, घातली. मग पुढे होऊन बायकोच्या हातातलं चौथं टोक आपल्या हातात घेत म्हणाले, ‘‘आमच्या सावकाराला उचलला तवा धा येळा बघून घ्येतलं हुतं बगा आमी, न जानो आसंच काय करंल म्हनून.’’