आमच्या ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिन बोलतात

आमच्या वॉर्डाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नगरसेवकांनीच काढलेला. निवडणुकीच्या आधी पोरं दारोदार फिरून नंबर घेऊन गेली, आईचा पण घेतला. सुरुवातीला खरंच बरं वाटलं, घंटागाडी आली नाही की कुणीतरी फोटो टाकायचं आणि दुपारपर्यंत गाडी यायची. मग उन्हाळ्यात पाणी चार-चार दिवसांनी यायला लागलं, मी आमच्या रिकाम्या पिंपाचा फोटो टाकला, खाली सात-आठ जणींनी आपापल्या पिंपांचे टाकले, आणि संध्याकाळी बघते तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतोय. आता रोज वाढदिवसाचे बॅनर, सणांच्या शुभेच्छा आणि भूमिपूजनाचं ड्रोनवालं रील.

नेत्यांनी मीडिया वापरू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. आपल्याकडे टिळक-आगरकरांनी १८८१ मध्ये केसरी सुरू केला, १९६० ला बाळासाहेबांचं मार्मिक निघालं आणि सहा वर्षांनी त्यातूनच शिवसेना उभी राहिली. पंतप्रधान ऑक्टोबर २०१४ पासून आकाशवाणीवर मन की बात करतात, लोकांकडून पत्रं-सूचनाही मागवतात, पण त्यातलं काय वाचायचं ते तिकडेच ठरतं ना. कोरोनात उद्धव ठाकरेंचं फेसबुक लाइव्ह लागलं की आई मोबाईल तांब्याला टेकवून समोर बसायची, तिला फार धीर यायचा, ते मी नाकारणार नाही. पण मधेच ती स्क्रीनकडे बघून विचारायची, "अहो, पण रेशनचं काय?" उत्तर कुठून येणार? पुढे २९ जून २०२२ ला राजीनामासुद्धा लाइव्हवरच जाहीर झाला. पक्ष कुठलाही घ्या, बोलणार ते आणि ऐकणार आपण.

ऑक्टोबर २०१९ मधली शरद पवारांची साताऱ्याची पावसातली सभा आठवा. तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, पण मुळात ती सभा होती, समोर माणसं पण भिजत उभी होती आणि नेत्याला ती दिसत होती. सभेत मागून एखादा ओरडला तर कानावर पडतं. पत्रकार परिषदेत उलटा प्रश्न आला आणि टाळला तर निदान टाळलेला तरी दिसतो. रीलमध्ये नको तो भाग कापून टाकायचा, खाली कमेंट बंद करायच्या, झालं. आणि हल्ली बऱ्याच बातम्याही त्या रीलवरूनच होतात, म्हणजे आमचं पिंप पेपरात पण येत नाही.

मला याचा खरंच राग येतो, कारण नंबर आम्ही विश्वासाने दिले होते. आईने तर पाठ नव्हता म्हणून डायरीत शोधून दिला होता.

दादा, तुमची बरीच पोरं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. ग्रुप परत सगळ्यांसाठी चालू करा. काल पाण्याचा दिवस होता, रात्री दीडपर्यंत जागलो, नळाला थेंब आला नाही.