लोखंडाचं ‘क्रिस्टल’ होत नाही, ते मुळातच असतं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. हादरे आणि ठोके बसून लोखंडाचे क्रिस्टल बनतात, म्हणून ते तुटतं. तार ओढली, पत्रा रोल केला की क्रिस्टलचा चुरा होतो. भट्टीत लाल केलं की क्रिस्टल परत पहिल्या जागी बसतात. आणि धातू सगळ्या बाजूंनी सारखाच, कसाही कापा. मी प्रेस टूल, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे बनवतो. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं हे खरं धरून बसतात, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट. धातू साच्यात थिजतो तेव्हाच त्याचे स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, तयार होतात. गॅल्व्हनाइज्ड बादलीच्या पत्र्यावर फुलांसारखे चट्टे दिसतात ना, ते जस्ताचे स्फटिकच आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग फोडलं की आत जे दाणे चमकतात, त्यांना कुणी हादरे दिलेले नसतात. ही समजूत जुनी आहे. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून पन्नासहून जास्त माणसं गेली, तेव्हाही ‘लोखंड स्फटिक झालं’ असंच म्हटलं जायचं. पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरनं दाखवलं की तडा कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत सरकतो, आणि आसाच्या खांद्याला, म्हणजे त्याची जाडी बदलते तिथे, गोलाई द्या असं सांगितलं. तुटलेली शाफ्ट हातात घेऊन बघा. गुळगुळीत, लाटांच्या रेघा असलेला भाग म्हणजे तड्याचा प्रवास. चमकणारा खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढाच बघितलाय. माझ्याकडे आलेल्या अशा एका शाफ्टचा तडा चावीच्या (चाक शाफ्टवर पक्कं धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेच्या धारदार कोपऱ्यातून निघाला होता. हादऱ्यांवर खापर फोडलं असतं तर नवी शाफ्टही तशाच कोपऱ्याची बनली असती.

दुसरी गोष्ट चुऱ्याची, आणि खरी गंमत इथेच आहे. पत्त्यांचा जोड तिरपा ढकलला की पानं एकमेकांवरून सरकतात, एकही फाटत नाही. स्फटिकात अणूंचे थर असेच सरकतात. तांबं, चांदी, ॲल्युमिनियम यांच्यात सरकण्याचे असे 12 मार्ग असतात. आता तार दोन्हीकडून ताणून धरलेली, बाजूला जायला वाव नाही. मग सरकण्याची दिशाच ओढीच्या रेषेकडे वळत जाते आणि तिच्याबरोबर अख्खा स्फटिक फिरतो. वादळानंतर उसाचा फड बघा. ऊस मोडून भुगा होत नाही, सगळा फड एका अंगाला कलतो. ओढलेल्या तांब्याच्या तारेवर क्ष-किरण टाकले तर बहुतेक स्फटिकांच्या घनाचा (अणू ज्या घनाकार चौकटीत बसलेले असतात तिचा) कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण किंवा कड तारेच्या लांबीशी जुळलेली सापडते. फार ओढलं तर एका दाण्याच्या आत थोड्या वेगळ्या कलाचे बारीक भाग पडतात, हे खरं. पण त्या प्रत्येकात अणूंची रचना शाबूत असते. चुरा म्हणायचं ते हे नव्हे.

हे कानांनी ऐकायचं असेल तर कल्हईवाल्याकडून चोख कथलाची कांडी घ्या आणि कानाजवळ धरून वाकवा. करकर आवाज येतो. कथलाच्या स्फटिकातले पट्टे झटक्यात आरशातल्या प्रतिमेसारखी कूस बदलतात, त्याचा तो आवाज. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कांडी तुटली असंच वाटलं होतं. बघितलं तर ती अखंड होती.

तिसरी गोष्ट थोडक्यात. हुपरीत चांदीची तार बारीक करताना कारागीर ती मधे मधे तापवून मऊ करून घेतात. त्या वेळी जुने स्फटिक माघारी फिरत नाहीत. ताणलेल्या धातूतून नवे, ताणमुक्त स्फटिक उगवतात आणि जुन्यांना गिळत वाढतात. त्यांचाही कल ठरावीक असू शकतो. जोरात रोल केलेलं तांबं तापवलं तर पुष्कळदा घनाच्या कडा पत्र्याच्या कडांशी जुळवूनच नवे दाणे बसतात.

आता चौथी, जिनं माझं प्रत्यक्ष नुकसान केलंय. तांब्याचा एकच स्फटिक घनाच्या कडेच्या दिशेनं ओढला तर त्याचा ताठपणा सुमारे 67 गिगापास्कल भरतो, कर्णाच्या दिशेनं सुमारे 191. जवळपास तिप्पट. रोल केलेल्या पत्र्यात स्फटिक एका अंगाला कललेले असले, तर तो सगळ्या बाजूंनी सारखा कसा वागेल? अशा पत्र्याची गोल चकती डायमध्ये, म्हणजे साच्यात, ओढून वाटी केली की काठावर चढउतार येतात. आम्ही त्यांना कान म्हणतो. ते बहुतेक वेळा चार असतात, समान अंतरावर. माझ्याकडच्या एका पोरानं ‘धातू सगळीकडे सारखाच’ हे मनात धरून दोष डायचा ठरवला आणि दोन दिवस चांगली डाय घासली. कान तसेच राहिले. त्याला मी काठ मोजायला बसवलं. चकती मध्यावरून सरकली असेल तर काठ एकाच बाजूला उंच येतो. चार कान समान अंतरावर आले आणि पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेशी दर वेळी तोच कोन धरून राहिले, तर कारण पत्र्यात आहे. त्या वाट्यांना चारच होते. पत्र्याची कॉइल (गुंडाळी) बदलली आणि घासून बिघडलेली डाय पुन्हा बनवायला घेतली.