मत नसलेल्याची मतं

आमच्या घरात कोळंबी शिजायची बंद झाली ती 2025 च्या फेब्रुवारीपासून, आणि त्याला ऑस्कर कारणीभूत आहे.

झालं असं, की रविवार होता, कोळंबीचं कालवण होतं आणि ‘द सबस्टन्स’ पाहायचा राहिला होता. जेवता जेवता अर्धा तास उरकेल, असा हिशोब करून मी ताट घेऊन टीव्हीपुढे बसलो. शेजारी बायको. सिनेमा जरा कुठे सुरू होतोय, तोच पडद्यावर टीव्ही कंपनीचा एक साहेब डेमी मूरला समोर बसवून कोळंबी खायला लागला. खायला लागला म्हणजे काय, कॅमेरा त्याच्या तोंडात जायचाच बाकी होता. सोलतोय, चोखतोय, टरफलं टाकतोय, घास तोंडात ठेवूनच बोलतोय, आणि बोलणं काय, तर बाई, तुमची पन्नाशी झाली, आता पुरे. बायकोचा घास हातातच राहिला. तिच्या पन्नाशीला दोन वर्षं कमी आहेत, त्यामुळे तिला नक्की कशाचा राग आला ते मला आजवर कळलेलं नाही. पण कोळंबी गेली ती गेली. पुढे त्या सिनेमात जे जे होतं, त्याच्यापुढे हा प्रसंग म्हणजे उपासाची खिचडी. ते मी एकट्याने पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, पाहायचं कशाला? बायकोही हेच म्हणते.

त्याचं असं आहे. 23 जानेवारीला नामांकनं जाहीर झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा सिनेमे. समारंभ 2 मार्चला, म्हणजे आपल्याकडे सोमवार 3 मार्चची पहाट. मी दहाही सिनेमांच्या लांबीची बेरीज केली, ती आली 1491 मिनिटं. जवळजवळ पंचवीस तास. “एवढ्यात माळा आवरून झाला असता,” बायको म्हणाली. मी कालनिर्णयावर वेळापत्रक लिहून काढलं. आमच्याकडे दुधाचा हिशोबही तिथेच असतो, त्यामुळे 8 फेब्रुवारीच्या चौकोनात ‘दीड लिटर, कॉन्क्लेव्ह’ असं लिहिलं गेलं आणि महिनाअखेरीला दूधवाल्याने ते काय लावलंय म्हणून विचारलं.

बरं, हे सगळं करून मला मत आहे का? नाही. मत आहे अमेरिकेतल्या त्या अकादमीच्या जवळजवळ दहा हजार सभासदांना. आणि गंमत बघा, तोवर तरी त्यांना सगळे सिनेमे पाहूनच मत द्या अशी काही सक्ती नव्हती. एक पाहिला, चार ऐकले, बाकीच्यांची पोस्टरं आवडली, टाकलं मत. त्यांना मत होतं, सक्ती नव्हती. मला सक्ती होती, मत नव्हतं. आणि कोथरूडात मला ही सक्ती करणारा माझ्याशिवाय कोणीही नव्हता.

मत देणाऱ्यांचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही, कारण आमच्या शेजारी नाना राहतात. नाना बँकेतून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली. त्यांनी दहापैकी एकही सिनेमा पाहिलेला नाही, पण मतं बारा आहेत. शिवाय त्यांचा ऑस्करशी जुना व्यवहार आहे. 2004 साली ‘श्वास’ भारताकडून गेला, तेव्हा तिकडे प्रचार करायला निर्मात्यांजवळ पैसे नव्हते आणि इकडे लोकांनी वर्गणी दिली. नानांनी शंभर रुपये दिले होते. नामांकनसुद्धा मिळालं नाही. तेव्हापासून नानांच्या लेखी अकादमी त्यांचे शंभर रुपये देणं लागते.

“सगळं लॉबिंग असतं रे,” ते मला जिन्यात गाठून म्हणाले. “त्या एमिलियाला तेरा नामांकनं कशी मिळाली मग?”

इथे मात्र माझं आणि नानांचं एकमत झालं. ‘एमिलिया पेरेझ’ची गोष्ट मेक्सिकोतली, भाषा स्पॅनिश, दिग्दर्शक फ्रेंच आणि शूटिंग बहुतेक सगळं पॅरिसजवळच्या स्टुडिओत. म्हणजे लुधियानाच्या माणसाने कोल्हापूरवर मराठी सिनेमा काढावा, तो चंदीगडला शूट करावा, आणि कोल्हापूरकरांना म्हणावं, बघा कसा जमलाय. मेक्सिकोतले लोक भडकले तर त्यांचं काय चुकलं? त्यातल्या एका गाण्यात दवाखान्यातली मंडळी शस्त्रक्रियांची यादी गातात. आमच्याकडे हॉस्पिटलचं बिल वाचताना रडतात, एवढाच काय तो फरक. झोई साल्दान्या मात्र छान. तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं ते योग्यच.

‘कॉन्क्लेव्ह’ मला आवडला, आणि तो का आवडला हे सोसायटीत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पोप वारतात, जगभरचे कार्डिनल कोंडून घेतात आणि नवा पोप निवडेपर्यंत बाहेर यायचं नाही. प्रत्येक जण म्हणतो, मला हे पद नको. प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याची भानगड. जेवणाच्या टेबलावर गट. आमच्या सभेत हे सगळं होतं, फक्त लाल झगे नसतात आणि राल्फ फाइन्सइतका दुःखी चेहरा फक्त खजिनदाराचा असतो. मी नानांना म्हटलं, हा तरी बघाच. नाना म्हणाले, “त्या पाद्र्यांचं मला काय करायचंय?” हे वाक्य लक्षात ठेवा.

‘अनोरा’बद्दल इतकंच सांगतो, की तो मी रात्री साडेअकरा वाजता, दिवे घालवून, कानाला हेडफोन लावून पाहायला घेतला, आणि नेमकी तेव्हाच आई पाणी प्यायला उठली.

आईचं आणि परदेशी सिनेमांचं तसं जमत नाही. तिला खालची अक्षरं पळतात तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. “ते काय म्हणाला?” असं तिने विचारावं, मी सांगेपर्यंत तो मेलेला असावा, असं होतं. म्हणून मी तिला ‘फ्लो’ लावून दिला. हा दहांतला नव्हे, ॲनिमेशनच्या विभागातला. लॅटव्हिया नावाच्या छोट्याशा देशातल्या एका तरुण दिग्दर्शकाने कोणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून केलेला. एक काळं मांजर, सगळीकडे पूर, एक होडी आणि होडीत चढत जाणारे प्राणी. दीड तासात एक अक्षर कोणी बोलत नाही.

आई जपमाळ मांडीवर ठेवून बसली आणि माळ पुढे सरकलीच नाही. कॅपिबारा होडीत चढला तेव्हा फक्त म्हणाली, “ही घूस का रे?” मी म्हटलं, घुशीची मोठी बहीण समज. मग लेमर आला, तो आरसा आणि भांडीकुंडी गोळा करून बसतो. “हा आपला नाना,” आई म्हणाली. मांजर पाण्यात बुडायला लागलं तेव्हा तिने माझं मनगट असं धरलं, की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. सिनेमा संपल्यावर चष्मा पुसत म्हणाली, “या मांजराला बक्षीस मिळणार.” मी तिला नामांकनांचं गणित, मोठ्या स्टुडिओंचं वजन, ‘द वाइल्ड रोबॉट’ची लाट असं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि जपाला लागली.

या घरात एका विषयावर मात्र मी तावातावाने भांडलो. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रांप्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस, मिळालं. पायल आमच्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी, त्यामुळे त्या रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या प्रत्येक पुणेकराचा त्या ग्रांप्रीत थोडा हिस्सा आहे. पण आपल्या फिल्म फेडरेशनने ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या विभागाला पाठवला ‘लापता लेडीज’. तोही गोड सिनेमा, माझी तक्रार नाही. पण डिसेंबरमध्ये त्या विभागात पुढे निवडलेल्या पंधरा सिनेमांची यादी आली, त्यात तो नव्हता. मी दोन दिवस जेवताना हाच विषय काढत होतो. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अरे, ती छाया कदम दोन्हीत आहे ना? एकात चहाची टपरी, एकात रत्नागिरीची. मग भांडतोस कशाला?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

राहता राहिला ‘द ब्रुटलिस्ट’. साडेतीन तास. शनिवारी, 1 मार्चला, मी आणि बायको मल्टिप्लेक्समध्ये गेलो. आमच्याशिवाय सात जण. या सिनेमाचं जगभर कौतुक चाललं होतं ते असं, की यात चक्क मध्यंतर आहे! दिग्दर्शकानेच ठेवलेलं, पंधरा मिनिटांचं. पडद्यावर लग्नाचा एक जुना फोटो आणि शेजारी उलटी मोजणारं घड्याळ. अहो, आमच्याकडे सव्वा तासाच्या सिनेमालाही मध्यंतर असतं. नायकाने दार उघडायला हात पुढे केला की दिवे लागतात, आणि दार उघडतं ते समोसा खाऊन झाल्यावर. अमेरिकेला हा शोध आता लागला, याचा मला इतका अभिमान वाटला, की मी दोन समोसे खाल्ले. तिथेच घात झाला.

पहिला भाग मी डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. युद्धातून वाचून अमेरिकेत आलेला हंगेरियन वास्तुविशारद, त्याला हाताशी धरणारा लहरी धनिक, काँक्रीटच्या भिंती. दुसऱ्या भागात ते सगळे इटलीला जातात, संगमरवराच्या खाणीत. पांढरेशुभ्र डोंगर, धुकं, थंडगार एसी. मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हाही इटलीच होती, म्हणून मी निश्चिंत होतो. फक्त आता व्हेनिस होतं, साल 1980 होतं, नायक म्हातारा झाला होता आणि त्याच्या सत्काराचं भाषण चालू होतं.

“मधे काय झालं?” मी हळूच विचारलं.

“छान झालं,” बायको म्हणाली.

सोमवारी पहाटे साडेपाचला समारंभ सुरू झाला. आई तशीही उठलेली होती. सूत्रसंचालक कोनन ओब्रायन मधेच हिंदीत काहीतरी बोलला, भारतात आता नाश्त्याची वेळ असेल अशा अर्थाचं. “कोण आलंय रे?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं. थोड्याच वेळात ॲनिमेशनचं पाकीट उघडलं आणि ‘फ्लो’ जिंकला. लॅटव्हियाचं पहिलं ऑस्कर. मी ओरडत आत गेलो. आई पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. “हो, म्हटलं होतं मी,” असं म्हणून तिने मला लिंबू कापायला बसवलं.

पुढे मात्र समारंभ लांबत गेला. ‘द ब्रुटलिस्ट’च्या नायकाला, एड्रियन ब्रॉडीला, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं आणि तो पाच मिनिटांहून जास्त बोलला, ऑस्करच्या इतिहासातलं सगळ्यात लांब भाषण. तेवढ्यात माझी दाढी झाली. म्हणजे या गुणी माणसाच्या सिनेमात मी झोपलो आणि भाषणात दाढी केली. सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर व्हायच्या आत मला ऑफिसची बस पकडावी लागली. चाळीस दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण मी चांदणी चौकात, उभ्याने, एका हाताने दांडी धरून घालवला. मोबाइलला रेंज नव्हती. रेंज आली तेव्हा बायकोचा मेसेज होता: “आई पाणी प्यायला उठल्या तोच जिंकला.”

ऑफिसात कोणीतरी विचारलंच, ब्रुटलिस्ट कसा आहे? मी खुर्चीत मागे रेललो. “पहिला भाग अप्रतिम. दुसऱ्या भागात पकड सुटते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी ते वाक्य दुपारपर्यंत आपलं म्हणून वापरलं.

एप्रिलमध्ये दोन गोष्टी झाल्या. पोप फ्रान्सिस गेले, आणि त्या संध्याकाळी नाना आमच्याकडे येऊन बसले. “काय रे, ते कार्डिनल नक्की कसं मत देतात? चिठ्ठ्या जाळतात म्हणे?” मी त्यांना दीड तास व्हॅटिकन समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तेच नाना समजावून सांगत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे अकादमीने नियम बदलला. पुढल्या वर्षापासून अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्या विभागातले सगळे सिनेमे पाहिलेलेच पाहिजेत. बाहेर कुठे पाहिला असेल तर तसा फॉर्म भरून द्यायचा. मी ही बातमी चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली. माझाच विजय झाल्यासारखं वाटत होतं मला.

बायकोने बिस्कीट चहात बुडवलं. “फॉर्ममध्ये ‘मधे डोळा लागला होता’ असा रकाना आहे का बघ,” ती म्हणाली.

खाणीनंतर काय झालं, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही.